कांड्यांचा हिशेब

बेळगावच्या वडगावातल्या आमच्या घराची मागची भिंत आणि पलीकडच्या कारखान्याची भिंत एकच आहे. तिथं चार पॉवरलूम चालतात. सकाळी खटखट सुरू झाली की ती दुपारच्या जेवणालाच काय ती थांबते, आणि मग दिवेलागणीपर्यंत पुन्हा चालू. माझं टेबल त्याच भिंतीला लावलेलं आहे, कारण घरात प्लगजवळची रिकामी जागा तेवढीच होती. मी कन्नडातून मराठीत भाषांतरं करते, कधी मुलाखतींची ध्वनिमुद्रणं ऐकून लिहून काढते. पुण्याच्या एका एजन्सीशी पहिल्यांदा फोनवर बोलणं झालं तेव्हा पलीकडच्या बाईंनी विचारलं, "आवाज कसला येतोय हो?" मी म्हटलं, "मागाचा." त्या म्हणाल्या, "मागचाच, पण कसला?" माग म्हणजे कापड विणायचा माग, हे त्यांना समजावून सांगेपर्यंत धाकटा उठला आणि बोलणं तिथंच थांबलं.

२०२० नंतर घरून काम करणाऱ्यांची संख्या वाढली तेव्हा मला वाटलं होतं, आपल्या गल्लीत हे मीच पहिल्यांदा करतेय. तसं मी सासूबाईंना एकदा बोलूनही दाखवलं. त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मग आम्ही काय केलं गे? आम्ही कुठं हापिसात जात होतो?"

खरं होतं ते. वडगाव, शहापूर, खासबाग हा सगळा विणकरांचा भाग. पॉवरलूम यायच्या आधी घरोघरी हातमाग होते. जमिनीत खड्डा काढून त्यात पाय सोडून बसायचं आणि विणायचं. मागावर पुरुष बसायचा. पण माग चालायचा तो बाजूला बसून बाई कांड्या भरत होती म्हणून. सुताची लड सोडवून रहाटावर घ्यायची आणि एका हातानं रहाट फिरवत दुसऱ्या हाताच्या चिमटीतून धागा सारखा ताणून धरत छोट्या कांडीवर गुंडाळायचा. ती कांडी धोट्यात बसते, धोटा ताण्यातून, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांतून, इकडून तिकडं पळतो आणि काही मिनिटांत कांडी रिकामी होते. की दुसरी तयार पाहिजे. सासूबाई सांगतात, माझा नवरा पाळण्यात असताना त्या पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून घ्यायच्या. हात रहाटावर, पाय पाळण्याला. धागा तुटला की हात थांबायचा, पण पाय थांबवायचा नाही, नाहीतर पोर उठायचं.

मी हे लग्नानंतर दहाबारा वेळा तरी ऐकलं असेल. गंमत म्हणूनच ऐकलं होतं. माझं स्वतःचं पोर पाळण्यात आणि काम टेबलावर आलं तेव्हा ती दोरी मला दिसली.

आमचा संसार सांगण्यासारखा मोठा नाही. नवरा उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत पाळीत काम करतो. थोरली पाच वर्षांची, धाकटा दीड वर्षाचा. जुनं कौलारू घर गळायला लागलं म्हणून पुढच्या दोन खोल्यांवर स्लॅब टाकला, त्याचा हप्ता जातो. मला शब्दाला ऐंशी पैसे मिळतात. मजकूर सरळ असेल तर तासाला अडीचशे शब्द होतात, म्हणजे दोनशे रुपये. पण तास सलग मिळाला तर. सलग तास दिवसाला दोनच असतात, धाकटा दुपारी झोपतो तेवढे. रात्री मुलं झोपल्यावर आणखी दीडेक तास निघतो, पण तेव्हा डोळे साथ देत नाहीत आणि चुका होतात, त्या सकाळी उठून निस्तराव्या लागतात.

धाकटा झाला त्या वर्षी एका एजन्सीनं तीन महिन्यांचे पैसे अडकवून ठेवले. तेव्हा मी वही घातली. शंभर पानी, लाल पुठ्ठ्याची. त्यात रोजचा खर्च लिहायचा आणि महिन्याच्या शेवटी काय वाचवता येईल ते बघायचं. काटकसर मला माहेरपासून येते. माझं माहेर महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यातलं, भातशेतीचं. तिथं शेणगोळाही वाया जात नाही. त्यामुळं मला वाटलं होतं, हे आपल्याला जमण्यातलंच आहे.

पहिली पाळी विजेची आली. कर्नाटकात जुलै २०२३ पासून गृहज्योती योजना लागू झाली, घरगुती वापराला महिना २०० युनिटांपर्यंत वीज फुकट. पण फुकट म्हणजे सरसकट २०० नव्हे. आदल्या वर्षीच्या वापराची सरासरी काढून त्यावर दहा टक्के, एवढी सुरुवातीला प्रत्येक घराची मर्यादा होती. त्याच्या वर गेलं की वरच्या युनिटांचे पैसे, आणि २०० ओलांडले की पूर्ण बिल. आमच्या सासूबाई खोलीतून बाहेर पडताना दिवा बंद करणाऱ्या, त्यामुळं आमची सरासरी कमी आणि म्हणून मर्यादाही कमी. ज्या घरात आधीपासून हात राखून वीज वापरली, त्या घराला पुढंही हात राखूनच वापरावी लागते. मला हे अजून पटत नाही. योजना चांगली आहे, हजारो घरांना तिनं हात दिला आहे, पण हिशेबाची ही रीत आधीच काटकसर करणाऱ्यावर अन्याय करते.

तर मर्यादेत राहायचं म्हणून मी एकेक वस्तूचे वॅट लिहून काढले. हजार वॅट एक तास म्हणजे एक युनिट. लॅपटॉप पन्नासेक वॅटचा, दिवसाला सहा तास चालला तरी महिन्याला नऊ युनिटं. माझ्या कामानं वीज जाते असं घरात सगळ्यांना वाटत होतं, ते या आकड्यानं संपलं. जुना पंखा पंचाहत्तर वॅटचा, सोळा तास फिरला तर महिन्याला छत्तीस युनिटं. गीझर दोन हजार वॅटचा, रोज अर्धा तास म्हणजे महिन्याला तीस. गीझर बंद झाला आणि परसातला तांब्याचा बंब पुन्हा पेटला. नारळाच्या शेंड्या, करवंट्या, सुतारकामाचे तुकडे, जे मिळेल ते. पंख्याचं मात्र आम्हांला फार सोसावं लागत नाही. बेळगाव अडीच हजार फुटांवर. गरिबांचं महाबळेश्वर म्हणतात ते काही उगाच नाही. एप्रिल-मेचे काही आठवडे सोडले तर रात्री पंखा लावायची गरज पडत नाही, उलट पहाटे पोरांच्या अंगावर वाकळ ओढावी लागते. हवेनं दिलेली ही बचत कुठल्याच वहीत येत नाही.

दुसरी पाळी बाजाराची. बेळगावचा बाजार शनिवारचा. खेड्यांतून बायका भाजी, कडधान्यं, गावठी अंडी घेऊन येतात. गल्लीतल्या दुकानापेक्षा दोन पैसे स्वस्त, आणि माल ताजा. ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत कर्नाटकातल्या बायकांना साध्या बसला तिकीट नाही. कंडक्टर शून्य रुपयाचं तिकीट फाडून हातात देतो. म्हणजे जायला-यायला खर्च नाही आणि भाजी स्वस्त. मी चार-पाच शनिवार धाकट्याला काखेला मारून गेले. एकदा आई आली होती, ती पण सोबत होती. तिच्या आधारकार्डावर चंदगडचा पत्ता, म्हणून तिला पूर्ण तिकीट. एका सीटवर मायलेकी, लेकीचं तिकीट शून्याचं, आईचं पैशाचं. तीच आई सीमेवरच्या शिनोळीच्या पुढं गेली आणि महाराष्ट्राच्या एसटीत बसली की तिचं तिकीट अर्धं होतं, मार्च २०२३ पासून. आईला त्याचं काही वाटलं नाही. ती म्हणाली, "तुझं वाचलं न्हवं? मग झालं." मला मात्र ते शून्याचं तिकीट दिवसभर टोचत राहिलं.

त्या शनिवारी मी पासष्ट रुपये वाचवले. वहीत लिहिलेत. आणि एजन्सीला दोन वाजता द्यायचा मजकूर संध्याकाळी सातला दिला. पुढच्या आठवड्यात त्यांनी काम दुसऱ्या कुणाला दिलं. ते वहीत लिहायला रकाना नव्हता.

तिसरी गोष्ट मला सांगायलाच हवी, कारण तिथं मी चुकले आणि त्याचा त्रास मला झाला नाही, पोराला झाला.

डायपर दहा-बारा रुपयांना एक. दिवसाला पाच म्हटले तरी महिन्याचे दीड हजारावर जातात. मी ठरवलं, लंगोटच वापरायचे. जुन्या सुती धोतराचे मऊ तुकडे, सासूबाईंनी चौकोनी कापून, कडा दुमडून शिवून दिलेले. एप्रिल-मेमध्ये छान जमलं. सकाळी धुतलेले दुपारी कडकडीत. मग जून उजाडला. आमच्याकडचा पाऊस ज्यांनी बघितला आहे त्यांना सांगायला नको. जुलैत आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, भिंतींना ओल येते, मिठाच्या बरणीत पाणी सुटतं, आणि कापूस एकदा भिजला की वाळत नाही. आतल्या खोलीत दोऱ्या बांधल्या, स्वयंपाकघरात बांधल्या. लंगोट हाताला कोरडे लागायचे आणि गालाला लावले की गार लागायचे. तो गारवा म्हणजे ओल. मला ते कळत होतं. पण महिना संपायला नऊ दिवस होते आणि वहीत डायपरच्या रकान्यात शून्य होता. तो शून्य मला राखायचा होता.

धाकट्याच्या जांघेत लालसर पट्टे उठले, दोन दिवसांत त्याचे चट्टे झाले. लंगोट बदलताना तो असा किंचाळायचा की पलीकडच्या कारखान्यातला माणूस विचारायला आला. डॉक्टरांनी बघितलं आणि शांतपणे सांगितलं, ओलीनं झालंय, बुरशी धरलीय, आठवडाभर मोकळा ठेवा, मलम लावा आणि कपडा पूर्ण वाळलेला असल्याशिवाय लावू नका. फी आणि मलम मिळून डायपरचे पंधरा दिवसांचे पैसे गेले. पैशाचं सोडा. त्याच्याकडं बघून मला पहिल्यांदा वाटलं की मी जिला काटकसर म्हणत होते ती काटकसर नव्हती, तो हट्ट होता.

त्या रात्री सासूबाईंनी माळ्यावरून एक मोठी बांबूची पाटी काढली. विरळ विणीची. शेगडीत निखारे घातले, त्यावर राख पसरली, वर चिमूटभर ओवा टाकला आणि पाटी पालथी घातली. लंगोट तिच्यावर घुमटासारखे पसरून ठेवले. खालून धग येते ती राखेतून गाळून येते, कापड जळत नाही, आतून वाळतं, ओव्याचा वास लागतो. दर दहा मिनिटांनी त्या उठून कडेचे मधे, मधले कडेला करत होत्या. अकरा वाजेपर्यंत त्या बसल्या होत्या. मी म्हटलं, "आई, हे आधी का नाही सांगितलं?" त्या म्हणाल्या, "तू इचारलंस काय?" आणि मग थोड्या वेळानं, "आणि सांगितलं असतं तर पाटीजवळ बसायला तुला वेळ कुठला?"

त्या पावसाळ्यात पुढं रात्रीचे डायपर आम्ही आणले. दिवसा लंगोट, तेही पाटीवरचे. पण सासूबाईंचं ते शेवटचं वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही.

त्याच सुमारास कामात एक अहवाल भाषांतराला आला. त्यात राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयानं २०१९ साली केलेल्या वेळेच्या वापराच्या पाहणीचे आकडे होते. घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणारी बाई त्या कामाला दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देते, पुरुष ९७. भाषांतर करताना आकड्याला भाषांतर लागत नाही, तो तसाच उतरवायचा असतो. मी २९९ लिहिले आणि थांबले. पाच तासांना एक मिनिट कमी. माझ्या तासाच्या भावानं दिवसाचे हजार रुपये. आणि याची नोंद आमच्या लाल वहीत एका ओळीनंही नव्हती.

माझ्या तासाला भाव लागला म्हणून मला हे दिसलं. मजुरी नसती तर दिसलं नसतं. ज्या बाईचा तास फुकट धरला आहे तिच्या घरात काटकसर कायम फायद्याचीच दिसते, कारण वाचवलेला रुपया दिसतो आणि गेलेला तास दिसत नाही. मी वहीत तिसरा रकाना आखला. वस्तू, वाचलेले रुपये आणि लागलेला वेळ.

तो रकाना भरायला लागले तेव्हा आणखी एक गोष्ट लक्षात आली. सगळे तास सारखे नसतात. धाकटा झोपलेला असतो त्या दोन तासांना भाव आहे. तो जागा असतो तेव्हा मी कितीही म्हटलं तरी भाषांतर होत नाही. एक वाक्य धरावं तोवर तो चार्जरची वायर धरतो. मग त्या जाग्या तासांत लंगोट धुवावेत, शेंगा सोलाव्यात, त्याला मांडीवर घेऊन मेथी निवडावी. ते तास मी कुणाला विकूच शकत नाही. पण झोपेच्या तासात घरातलं एकही काम करायचं नाही. भांडी पडली तर पडू देत. हे मला समजायला वर्ष लागलं. सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, पोर निजलं की कांड्या, पोर उठलं की घर, हे तर त्यांना त्यांच्या सासूनं पहिल्या बाळंतपणातच सांगितलं होतं.

नाचणीचं सांगते. मुलांच्या तयार खाऊचा डबा तीनशेच्या घरात, आणि धाकटा आठवड्यात तो संपवतो. नाचणी पन्नासेक रुपये किलो, माहेराहून आली तर तेवढेही नाहीत. सासूबाई दोन किलो एका वेळी करतात. तीन पाण्यांनी धुऊन, खडे रोवळून काढून रात्रभर भिजत घालायची. सकाळी पाणी काढून जुन्या धोतराच्या फडक्यात घट्ट बांधून कोनाड्यात ठेवायची. फडकं सुकू द्यायचं नाही. दुसऱ्या दिवशी सोडलं की आत पांढऱ्या मोडांची जाळी झालेली असते, मूठभर उचलली तर सगळी नाचणी एकदम उचलून येते. ती जाळी हातानं हळू मोकळी करायची, सावलीत वाळवायची, मंद भाजायची, दळून आणायची आणि पातळ मलमलीतून चाळायची. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, हे आता सगळ्यांनाच माहीत झालंय. मोडाचं कारण मात्र मला नंतर कळलं. मोड आले की त्यातला लोह आणि कॅल्शियम अंगाला जास्त लागतो. आणि पिठातलं स्टार्च थोडं तुटतं, म्हणून लापशी घट्ट होत नाही. साध्या पिठाची वाटीभर लापशी चमच्याला चिकटते, मोडाच्या पिठाची वाहती राहते. म्हणजे तेवढ्याच वाटीत जास्त पीठ जातं, आणि इवल्या पोटाला तेच हवं असतं. सासूबाई म्हणतात, "मोडाचं हलकं." एवढ्या सगळ्या शास्त्राला त्यांच्याकडं एक शब्द आहे.

त्या दोन किलोला, हात लागतो तेवढाच वेळ धरला, तर तीन तास जातात. वाचतात हजारावर रुपये. माझ्या तासाच्या भावानं बघितलं तरी हे परवडतं. शनिवारचा बाजार परवडत नाही. पण हा हिशेब मांडताना पेन थांबलं. तीन तास कुणाचे? माझे नव्हते ते.

मी सासूबाईंना विचारलं, कांड्यांची मजुरी किती मिळायची? त्यांना प्रश्नच कळला नाही. मजुरी साडीची असायची. सावकार सूत द्यायचा, साडी विणून नेली की साडीमागं ठरलेले पैसे. ते पैसे सासरे घेऊन यायचे. लड उकलणं, कांड्या भरणं, ताण्याला हात लावणं, हे सगळं त्या एका साडीच्या पैशात. वेगळं कुणी मोजलंच नाही. चाळीस वर्षं कांड्या भरल्या आणि कांडीचा भाव त्यांना ठाऊक नाही. २०१९-२० च्या हातमाग गणनेत देशात ३५ लाखांवर हातमाग कामगार मोजले गेले आणि त्यांत सत्तर टक्क्यांहून जास्त बायका निघाल्या. आमच्या घरातली एक त्या गणनेपर्यंत या कामात राहिली नव्हती. हातमाग आधीच विकला गेला होता, खड्डा बुजवून त्यावर फरशी बसली होती. धाकट्याचा पाळणा आज बरोबर त्या जागेवर टांगलेला आहे.

ऑगस्ट २०२३ मध्ये गृहलक्ष्मीचे पैसे सुरू झाले. रेशनकार्डावर घरची कर्ती बाई म्हणून जिचं नाव, तिच्या खात्यात महिना दोन हजार. आमच्या कार्डावर नाव सासूबाईंचं. पहिला हप्ता जमा झाला तेव्हा त्यांनी मला बँकेत नेऊन पासबुक भरून घेतलं आणि रस्त्यात उभं राहून ती ओळ दोनदा वाचून घेतली. हे पैसे घरखर्चात घ्यायचे नाहीत असं मी आणि नवऱ्यानं ठरवलं. त्या मात्र कधी भिशीत टाकतात, कधी थोरलीला रेनकोट आणतात. त्यांचा पैसा आहे, त्या ठरवतील.

आमच्या काटकसरीत पैशानं न मोजता येणारी आणखी एक बाजू आहे, ती म्हणजे समोरच्या अक्का. त्या कन्नड बोलणाऱ्या, मराठी समजतं पण बोलत नाहीत. मला कन्नड लिहिता-वाचता येतं म्हणून गल्लीतले अर्ज माझ्याकडं येतात. पेन्शनचा, उताऱ्याचा, शाळेचा. सरकारी कागद कन्नडात, गल्लीतली निम्मी घरं मराठी, त्यामुळं मी दुभाषी. अक्कांच्या मुलाचा कर्जाचा कागद मी भरून दिला तेव्हापासून माझं ऑनलाइन बोलणं असलं की त्या दारात येतात. "कूसु मलगैतेनु?" बाळ झोपलंय काय? नसेल झोपलं तर उचलून घेऊन जातात. पुण्याच्या लोकांना वाटतं माझ्या घरात फार शांतता असते. एका तासाचं पाळणाघर कितीला पडतं हे मी काढून बघितलंय. अक्कांनी पैसे घेतले नसते, आणि मी विचारलं असतं तर त्या पुन्हा आल्या नसत्या. म्हणून मी अर्ज भरत राहते. परवा त्यांनी परसातली तोंडली आणून दिली, आणि मी त्यांच्या नातीची मराठीची वही तपासून दिली.

काही ठिकाणी मी हात आखडत नाही. थोरली सरकारी मराठी शाळेत जाते. पुस्तकं शाळेतून, दुपारचं जेवण शाळेत. लोक विचारतात, पैसे वाचावेत म्हणून घातलंत काय? नाही. घरात जी भाषा आहे तीत तिनं पहिली अक्षरं लिहावीत म्हणून घातलं, आणि वर्गात कन्नडही शिकते म्हणून. तिथं वाचलेले पैसे मी दुसरीकडं वळवत नाही. त्यातून तिच्यासाठी पुस्तकं येतात. दुधाला मी पाणी दाखवत नाही. इंटरनेटचा चांगलाच प्लॅन घेते, कारण काम मधे तुटलं तर तास जातो. आणि खुर्ची. दोन वर्षं मी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून काम केलं आणि कंबर धरली. सासूबाईंच्या मानेचा मणका आज जसा वाकलाय तसा तो एका दिवसात वाकला नाही. खुर्ची सेकंडहँड आणली, पण आणली.

नवऱ्याशी भांडण झालं नाही असं नाही. त्याची पाळी संपवून तो थकून येतो हे मलाही दिसतं. पण लाल वहीतला तिसरा रकाना मी त्याच्यापुढं ठेवला. तो बराच वेळ बघत बसला. फौंड्रीत ओव्हरटाइम मिनिटावर मोजतात, त्यामुळं असा हिशेब त्याला चटकन वाचता येतो. आता सुट्टीच्या दिवशी आठवड्याचे जाड कपडे आणि बंबाचं सरपण त्याच्याकडं आहे. रात्रीची भांडीही. त्यानं ते कुणाला मदत म्हणून सांगितलेलं मी ऐकलेलं नाही, हे मला बरं वाटतं.

या पावसाळ्यात सासूबाईंनी वाकळ घेतली आहे शिवायला. खालीवर त्यांची दोन जुनी लुगडी, मधे माझ्या बाळंतपणातल्या सुती साड्या, थोरलीचे आखूड झालेले फ्रॉक आणि ते सगळे लंगोट, ज्यांची आता धाकट्याला दिवसाही गरज पडत नाही. समोरच्या अक्का तिला कौदी म्हणतात आणि एका कोपऱ्यावर त्यांचा टाका घालून गेल्या आहेत, तो सासूबाईंच्या टाक्यापेक्षा लहान आणि थोडा तिरका. पलीकडं माग चालू असतो. धाकटा पाळण्यात झोपला की मी टेबलाशी बसते आणि त्या पाळण्याखाली वाकळ पसरून. दोरी त्यांच्या पायाला असते. थोरली शाळेतून आली की सुईत दोरा ओवून देते. सहा सुया ओवून ठेवते आणि ओळीनं वाकळेला टोचते.

मी एकदा विचारलं, एका वाकळेला किती तास जातात? त्या म्हणाल्या, "तास कशाला? एक पावसाळा." पण दुसऱ्या दिवशी दुपारी लाल वही माझ्याकडून मागून घेतली. वाचता येत नाही त्यांना फारसं, पण रकाने कळतात. कुठला कशाचा ते विचारलं. मी सांगितलं. वही परत दिली आणि पुन्हा टाके घालायला लागल्या.

गुरुवारी रात्री मी दिवसाचा खर्च लिहीत होते. त्या अंथरुणावरून म्हणाल्या, "सकाळी मटकी निवडलो ते लिवलीस काय?"

लिहिलं नव्हतं. लिहिलं. वीस मिनिटं.